मनोऱ्यावर चढलात का? काय दिसलं ते लिहा

सोलापुरात डोंगर नाही हे ऐकून कान किटलेत. रविवारी पोरांना घेऊन नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलो, बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. टेकडी म्हणजे माळाला आलेलं थोडंसं पोट. पण मनोऱ्यावर चढलं की नजरेला कुठं आडकाठीच नाही. माळढोक पक्षी दिसला नाही. एक काळा काळवीट आणि मागे पंधरा-सोळा तांबूस माद्या दिसल्या. धाकटा म्हणाला, "पप्पा, हेच का माळढोक?" तुमचे अनुभव येऊ द्या.

— मी जवळच्याच गावचा. 1979 साली अभयारण्य झालं तेव्हा कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, म्हणजे घरं, शेतं, विहिरी सगळं त्यातच. जमिनीच्या एका व्यवहारापायी वडिलांच्या चपला झिजल्या. पुढं क्षेत्र 1,222 वर आणलं. त्यामुळं लहानपणी घरात या पक्ष्याचं नाव शिवीसारखंच निघायचं. आणि मग एका पावसाळ्यात मी तो पाहिला. नर गळ्याची पिशवी पार गुडघ्यापर्यंत फुगवून उभा होता. लांबून वाटलं, कुणी पांढरं धोतर वाळत घातलंय. तेवढ्यात धोतर चालायला लागलं! वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "बांधावर आला नाही ना?" आता माळावर गेलं की नजर पांढरं काहीतरी शोधत राहते. बहुतेक वेळा खताची पिशवी निघते.

— एप्रिलात, भर दुपारी एक वाजता गेलो होतो, चौघांत पाण्याची एक बाटली. कठड्याला हात टेकला आणि बोटं भाजली. काळवीट शहाणे, बाभळीच्या सावलीत बसून आमच्याकडं बघत होते.

— झाडी हवी असेल तर येडशीचं रामलिंग गाठा की ओ. जिल्हा धाराशिव, पण बार्शीकरांना घरचंच. पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा असतो. फक्त डबा उघडू नका. केळी दाखवून माकडांना लांब नेलं, तोवर मागच्या टोळीनं शेंगापोळ्या पळवल्या. चटणीची पुडी तेवढी ठेवली.

— नान्नजला हिवाळ्यात जा, भोवत्या ससाणे गवताला घासून उडतात. पायात मोजे मात्र जाड नकोत. कुसळं असली घुसतात की बायकोनं दोन संध्याकाळी चिमट्यानं काढली, तिसऱ्या दिवशी मोजेच टाकून दिले.

— चिमट्यानं नाही निघत. जुना कंगवा उलटा फिरवा.