मित्राला लिहिलेल्या इंग्रजी पत्रात 'ब्रो' लिहिले, तर गुण कापावेत का?

लालबागकर (धागाकर्ती)

माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत आहे आणि इंग्रजी ही त्याची तृतीय भाषा आहे. मागच्या आठवड्यात प्रिलिमच्या उत्तरपत्रिका घरी आल्या. पुण्याला राहायला गेलेल्या मित्राला गणपतीसाठी घरी बोलावणारे पत्र लिहा, असा पाच गुणांचा प्रश्न होता आणि त्यात त्याला दोन गुण मिळाले. पत्ता, तारीख, मायना, शेवट, सगळे जागच्या जागी होते. त्याच्या एका वाक्यातल्या तीन शब्दांभोवती मात्र लाल शाईचे गोल होते आणि समासात एक अक्षरही लिहिलेले नव्हते. ते वाक्य असे होते : 'यू आर गॉना लव्ह द ढोल, ब्रो, कॉज धिस इयर आय ॲम प्लेइंग.'

हा मुलगा दोन महिने रोज संध्याकाळी पथकाच्या सरावाला जात होता आणि हाताला आलेले फोड कोणाला दाखवत नव्हता. संपूर्ण पत्रात जिवंत वाक्य हे एकच आहे, बाकीची वाक्ये गाइडमधून उचललेली आहेत. त्या उचललेल्या वाक्यांना कोणी हात लावला नाही आणि गोल पडले ते नेमके याच वाक्यावर.

पत्र मित्राला असेल, तर मित्राशी बोलण्याची भाषा चूक कशी ठरते, हा माझा प्रश्न आहे. मराठीच्या पेपरातही मुले मित्राला 'सप्रेम नमस्कार' लिहितात. आमच्या चाळीत कोणत्याही मुलाने दुसऱ्या मुलाला आजवर सप्रेम नमस्कार केलेला मी पाहिलेला नाही. अनौपचारिक पत्र म्हणून प्रश्न विचारायचा आणि उत्तर औपचारिक भाषेतच मागायचे, हा मला मुलांवर अन्याय वाटतो.

चेंबूरची शिक्षिका

ताई, मी १९ वर्षे इंग्रजी शिकवते आहे आणि बोर्डाचे पेपरही तपासते. तुमचा मुलगा माझ्या वर्गात असता, तर त्या पत्राला मी साडेतीन गुण दिले असते. दोन फारच कमी आहेत. पण पूर्ण पाच मीही दिले नसते आणि त्याची कारणे सांगते.

त्या तीन शब्दांना एकाच मापाने मोजता येत नाही. 'आय ॲम'चे जोडून केलेले संक्षिप्त रूप किंवा 'डोन्ट', 'कान्ट' ही बोलण्यातली रूपे मित्राच्या पत्रात पूर्णपणे चालतात आणि त्यासाठी कोणी गुण कापत असेल, तर ती परीक्षकाची चूक आहे. 'ब्रो' हे संबोधन आहे. तेही एखादा परीक्षक सोडून देईल. पण 'गॉना' हा उच्चार जसाच्या तसा कागदावर उतरवलेला आहे आणि 'कॉज' हा अर्धा तोडलेला शब्द आहे. परीक्षकाला ती शुद्धलेखनाची चूकच दिसते, कारण मुलाला पूर्ण शब्द येतो की नाही, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

शिवाय पत्र मित्राच्या नावे असले, तरी ते वाचतो परीक्षक. लेखी पेपर ८० गुणांचा असतो आणि मुलाला लिखित इंग्रजी किती आले आहे, हे त्यातून पाहायचे असते. 'गॉना' वाचल्यावर मला प्रश्न पडतो, की याला 'गोइंग टू'ची रचना येते का? ती त्याने मला दाखवलेलीच नाही. जे दाखवले नाही त्याचे गुण मी कसे देऊ?

विक्रोळीकर

बाई, ती त्याने दाखवली आहे. वाक्य पुन्हा वाचा. त्याने 'यू गॉना' लिहिलेले नाही, 'यू आर गॉना' लिहिले आहे. गाण्यांमधून आणि व्हिडिओंमधून हा शब्द उचलणारी मुले त्यातले 'आर' हमखास गाळतात. ज्याने ते गाळले नाही, त्याच्या डोक्यात व्याकरणाची रचना शाबूत आहे.

मी स्वतः मराठी माध्यमातून शिकलो, म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे. आमच्या घरी, शेजारी, नाक्यावर, कोणीही इंग्रजी बोलत नव्हते. माझ्या कानावर पडणारे जिवंत इंग्रजी म्हणजे क्रिकेटचे समालोचन. आजच्या मुलांसाठी त्याची जागा मोबाइलने घेतली आहे. वांद्र्याच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाजवळ दोन प्रकारचे इंग्रजी असते, एक मित्रांमध्ये बोलायचे आणि दुसरे कागदावर लिहायचे, आणि कोणते कुठे वापरायचे हे त्याला घरातच समजते. आमच्या मुलांजवळ एक तर पाठ्यपुस्तकातले इंग्रजी असते किंवा मोबाइलवरचे. मधली पायरी त्यांना कोणी दाखवतच नाही. अशा मुलाच्या वाक्याभोवती शेरा न लिहिता गोल काढला, तर तो त्यातून इतकेच शिकतो, की मनातले लिहिले की गुण जातात आणि गाइडमधले लिहिले की मिळतात.

ठाणेकर

मी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची आयईएलटीएसची, म्हणजे इंग्रजी किती येते हे तपासणाऱ्या परीक्षेची, तयारी करून घेतो, म्हणून तिथली पद्धत सांगतो. त्या परीक्षेत लेखनाचे मूल्यमापन चार निकषांवर होते : दिलेले काम कितपत पार पडले, मांडणीचा ओघ, शब्दसंपदा आणि व्याकरण. बोलीतला शब्द आला की इतके गुण वजा, असा पाचवा रकाना तिथे नाही. मात्र तिच्या जनरल ट्रेनिंग नावाच्या प्रकारात लेखनाचे पहिले काम पत्र लिहिण्याचे असते आणि पत्राचा सूर प्रसंगाला साजेसा व शेवटपर्यंत एकसारखा आहे का, हे पहिल्याच निकषात पाहिले जाते. मैत्रिणीच्या पत्रात मोकळी भाषा हवीच. तिथे फार ताठ लिहिले, तरी सूर चुकतो. दुसरे काम निबंधाचे. त्याला पत्राच्या दुप्पट वजन आहे आणि त्यात बोलीतले शब्द आले, की शब्दसंपदेचा बँड, म्हणजे श्रेणी, खाली येते. याउलट तोंडी परीक्षेत वाक्प्रचार सहजपणे वापरता येणे ही जमेची बाजू धरली जाते.

माझ्याकडच्या एका मुलीने घरमालकाला तक्रारीचे पत्र लिहिताना सुरुवातच 'हे गाइज'ने केली होती. शब्द सगळ्यांना माहीत असलेला, स्पेलिंग बरोबर, पण एकट्या घरमालकाला आणि तेही तक्रार करताना! इंग्लंडच्या जीसीएसईत, म्हणजे तिथल्या शालेय परीक्षेतही असेच आहे. तिथल्या एक्यूए मंडळाच्या इंग्रजी भाषेच्या पेपरात लेखनाच्या प्रश्नाला ४० गुण असतात. त्यांपैकी २४ आशय आणि मांडणीला असतात. वाचक कोण आहे हे ओळखून सूर आणि भाषेचा बाज निवडणे त्यात मोडते. उरलेले १६ गुण अचूकतेला असतात आणि प्रमाण इंग्रजीचा समर्पक वापर तिथे पाहतात. म्हणजे एकाच शब्दाने एका बाजूला गुण मिळू शकतात आणि दुसऱ्या बाजूला जाऊही शकतात. कथा लिहिताना पात्राच्या तोंडी 'गॉना' घातले, तर ते शोभून दिसते. निवेदनात तेच खटकते.

त्यामुळे लालबागकर ताईंचे म्हणणे तत्त्वतः मला मान्य आहे, पण पेपर तपासणाऱ्याकडे असे वेगवेगळे रकाने नसतील, तर मुलाने धोका पत्करू नये, असे मी सांगेन.

गिरगावकर

मला हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो. परीक्षेत प्रमाणभाषाच असावी. आमच्या कॉलेजच्या दिवसांत जे इंग्रजी शब्द फॅशनचे होते, ते आज माझ्या नातवाला कळत नाहीत आणि त्याचे मला कळत नाहीत. दोघांनाही कळणारे जे इंग्रजी आहे, ते शिकवणे शाळेचे काम आहे. न्यूझीलंडच्या परीक्षा मंडळाने २००६ मध्ये एसएमएसमधली संक्षिप्त रूपे उत्तरात चालवून घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा तिथे मोठा वाद झाला होता. पण त्या मंडळानेही इंग्रजीसारख्या विषयात, जिथे भाषाच तपासायची असते, ती सूट दिली नव्हती.

विक्रोळीकर

काका, न्यूझीलंडचे उदाहरण अर्धे माझ्याही बाजूचे आहे, कारण इतर विषयांत उत्तर समजले असेल तर गुण द्यावेत, हे त्यांनी मान्य केले होते. फॅशनच्या शब्दांविषयी म्हणाल, तर जोनाथन स्विफ्ट या इंग्रजी लेखकाने १७१० मध्ये ज्या तोडलेल्या शब्दांवर टीका केली, त्यांत 'मॉब' (जमाव) होता. आज तो इंग्रजी वर्तमानपत्रांत रोज छापला जातो. 'ऑम्निबस' तोडून झालेल्या 'बस'ला तर आपण मराठीतही परके मानत नाही.

चेंबूरची शिक्षिका

विक्रोळीकर, 'आर'चा मुद्दा तुम्ही अचूक पकडलात. मी तो पाहिला नव्हता आणि व्याकरणाविषयी मी जे लिहिले, ते या वाक्यापुरते मागे घेते. पेपर तपासताना एका पत्रावर जेमतेम मिनिट मिळते. त्या मिनिटात 'गॉना' डोळ्यांत भरतो आणि त्याच्या आधीचे 'आर' दिसत नाही. ही आमची मर्यादा आहे आणि तिची किंमत मुलाने मोजावी, असे मी म्हणणार नाही. शेरा न लिहिता गोल काढणेही चूकच आहे. प्रिलिम असते ती मुलाला सुधारण्यासाठी. त्याला कारण कळलेच नाही, तर तो सुधारणार काय?

पण एका बाबतीत मी ठाम आहे. वांद्र्याच्या मुलाला दोन्ही इंग्रजी येतात आणि आपल्याला नाही, हे तुमचे निरीक्षण खरे आहे आणि म्हणूनच मी वर्गात जास्त काटेकोर असते. त्या मुलाने नोकरीच्या अर्जात 'कॉज' लिहिले, तर घरातले कोणीतरी तो आधी वाचून दुरुस्त करेल. माझ्या वर्गातल्या मुलीचा अर्ज वाचणारे घरी कोणी नाही. तिला हे शाळेतच, दहावीच्या आधी समजायला हवे. मी सैल सोडले, तर तिला ते सांगणारे दुसरे कोणी भेटणार नाही.

विक्रोळीकर

सांगावे, याविषयी दुमत नाहीच. सांगण्यासाठी तीन गुण कापावे लागतात का, इतकेच मी विचारतो आहे. समासात 'गोइंग टू' इतके लिहिले असते, तरी त्याला समजले असते.

लालबागकर

सर्वांचे प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवले. 'आर'बद्दलचे वाचताना त्याचा चेहरा खुलला, हे आधी नमूद करते. विक्रोळीकर, तुमचे आभार.

माझे मत थोडे बदलले आहे. मित्राच्या पत्रात मोकळी भाषा हवी, हे मी अजूनही म्हणेन. पण 'कॉज' आणि 'ब्रो' हे एकाच प्रकारचे शब्द नाहीत, हे मला बाईंमुळे समजले. आम्ही दोघांनी बसून ते वाक्य पुन्हा लिहिले. 'गॉना'चे 'गोइंग टू' झाले, 'कॉज'चे 'बिकॉज' झाले आणि 'ब्रो'च्या जागी त्याने मित्राचे घरचे लाडके नाव घातले. वाक्य अजून त्याचेच आहे. सोमवारी मी शाळेत जाऊन, गुण वाढवण्यासाठी नव्हे, तर पुढच्या सराव पेपरांत गोलाशेजारी बरोबर रूप लिहावे, अशी विनंती त्याच्या शिक्षकांना करणार आहे.

बाई, एक शंका त्याच्याच वतीने विचारते. बोर्डाच्या पेपरात 'ढोल' लिहिला, तर त्यालाही गोल पडेल का? 'ड्रम' लिहायला तो तयार नाही.

चेंबूरची शिक्षिका

'ढोल' तसाच ठेवायला सांगा. 'ड्रम' लिहिले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बँडवाल्यांचा ड्रम येईल. हवे असल्यास पुढे स्वल्पविराम देऊन, पथकात कमरेला बांधून वाजवतात ते वाद्य, असे चार शब्दांत सांगावे. त्यासाठी गुण कापलेले मी तरी पाहिलेले नाहीत.