लिंबाची नवी पालवी पिवळी, शिरा मात्र हिरव्या: खत कमी पडतंय की सामू (पीएच) चढलाय?

कुंडीकाठ:
कागदी लिंबाचं ३ वर्षांचं कलम, कुंडी १५ लिटरची. मिश्रण २ भाग बागेतली माती, १ भाग कोकोपीट, १ भाग गांडूळखत. दर महिन्याला एक मूठ हाडांचा चुरा, अंड्याच्या टरफलांची पूड आणि थोडी लाकडाची राख. पाणी विहिरीचं. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर धरतो.

गेल्या दोन बहरांपासून शेंड्याची पानं फिकट पिवळी निघतात, पण शिरांची जाळी हिरवीगार दिसते. खालची जुनी पानं ठीक आहेत. खत वाढवून काही फरक पडला नाही. मातीत खुपसायच्या दोन सळयांच्या मीटरवर सामू ७ येतो, म्हणजे तिथे दोष नसावा. मग नक्की काय कमी आहे?

हिरवीशीर:
आधी पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, ते बघायचं. नत्र, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून आधी खालची पानं बिघडतात. लोह, जस्त, मँगनीज असं हलत नाही, त्यामुळे त्यांची तूट नव्या पालवीवर दिसते. तुमचा प्रश्न या दुसऱ्या गटातला आहे.

त्यातही फरक आहे. लोह कमी असेल तर पान पूर्ण आकाराचं होतं, पण पिवळ्यावर बारीक हिरवी जाळी उठून दिसते. मँगनीजला शिरांच्या दोन्ही बाजूंनी जरा रुंद हिरवा पट्टा राहतो. जस्ताला पानं लहान, अरुंद आणि शेंड्याशी दाटीनं येतात, त्यावर पिवळे चट्टे असतात. शीरच पिवळी आणि बाकीचं पान हिरवं असं दिसलं तर खताचा विचार सोडा, मुळं किंवा खोडाची साल बघा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून लोह. खात्रीसाठी एक सोपी चाचणी: १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि द्रव साबणाचे दोन थेंब टाकून द्रावण लगेच वापरा. पिवळ्या पानाच्या फक्त अर्ध्या भागावर ब्रशनं लावा आणि फांदीला दोरा बांधून ठेवा. आठ-दहा दिवसांत त्या अर्ध्या भागात हिरवे ठिपके उठले तर लोहच.

निचरा:
त्या दोन सळयांच्या मीटरवर विसंबू नका. ओलावा आणि क्षार बदलले की त्याचा काटा हलतो, आणि बहुतेकदा तो ७ च्या आसपासच घुटमळतो. काचेच्या टोकाचा पेनसारखा मीटर घ्या आणि मोजण्याआधी ७ आणि ४ च्या बफरवर (ठरावीक सामूच्या तयार द्रावणांवर) जुळवून घ्या. टोक कोरडं पडू देऊ नका आणि डिस्टिल्ड पाण्यातही ठेवू नका, त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं साठवणीचं द्रावण असतं.

माती कुंडीच्या मधल्या खोलीतून, दोन-तीन जागांहून घ्या. वरचा पांढरा थर त्यात नको, नाहीतर आकडा फसवा येईल. १ भाग माती, २ भाग डिस्टिल्ड पाणी, नीट ढवळून अर्धा तास ठेवा आणि मग मोजा.

क्षारांसाठी वेगळी चाचणी. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासभर थांबा, खाली स्वच्छ ताटली ठेवा आणि वरून सगळीकडे सारखं २०० मिली डिस्टिल्ड पाणी ओता. पहिलं ५० मिली जे झिरपेल त्याची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेमीमध्ये) बघा. लिंबूवर्गाला क्षार सोसत नाहीत. आकडा ३ च्या वर गेला तर पानांची टोकं करपू लागतात, मग खत बंद करून कुंडीच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे ३० ते ४५ लिटर पाणी सावकाश सोडून धुवावं लागतं.

तिसरी चाचणी व्हिनेगरची. वाळलेल्या चमचाभर मातीवर थोडं ओता. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे.

पानगळ:
एप्सम सॉल्ट दोन चमचे टाकून बघा, पिवळ्या पानांना बहुतेकदा लागू पडतं.

हिरवीशीर:
@पानगळ, इथे लागू पडणार नाही. एप्सम सॉल्टनं मॅग्नेशियम मिळतं, आणि त्याची तूट जुन्या पानांवर दिसते. लिंबात तेव्हा पान कडेनं पिवळं होतं आणि देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. इथे जुनी पानं चांगली आहेत. उगाच टाकलं तर क्षार तेवढे वाढतील.

कुंडीकाठ:
सगळं मोजलं. माती ८.२. झिरपलेल्या पाण्याची ईसी १.१. व्हिनेगर टाकल्यावर स्पष्ट फसफस. विहिरीच्या पाण्याचा सामू ७.९ आणि माशांच्या टाकीच्या किटवर कार्बोनेट कठीणपणा १४ अंश. मुळं पांढरी आहेत, वास नाही. हिराकस लावलेल्या बाजूला हिरवे ठिपके आले आहेत. आता गंधक घालून सामू खाली आणू का?

निचरा:
छान मोजलंत. ईसी १.१ म्हणजे क्षार साचलेले नाहीत, कुंडी धुवायची गरज नाही. लोह मातीत असणारच, पण ८.२ ला ते विरघळत नाही, म्हणून खत वाढवून उपयोग झाला नाही. हाडांच्या चुऱ्यातला स्फुरदही (फॉस्फरस) लोह आणि जस्त अडवतो. राख, टरफलं, चुरा, तिन्ही आजपासून बंद. टरफल म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटच.

गंधकाचा हिशेब आधी करा. १०० ग्रॅम चुना संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागतं. तुमच्या कुंडीत १२ किलो माती धरली आणि त्यात ५ टक्के जरी चुना असला तरी तो ६०० ग्रॅम, म्हणजे गंधक १९० ग्रॅमच्या वर. तेवढ्यानं क्षार इतके वाढतील की मुळं जळतील. थोडं घातलं तर चुना ते गिळून टाकतो आणि सामू जागचा हलत नाही. फसफसणाऱ्या मातीत गंधकाच्या नादी लागू नये.

खरा दोष पाण्यातही आहे. १४ अंश म्हणजे लिटरला सुमारे २५० मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद. पाण्याचा सामू ७.९ आहे याहून हे महत्त्वाचं, कारण रोजच्या पाण्यातून मातीला चुन्याचा डोस मिळतोय. पावसाचं किंवा आरओचं पाणी निम्मं मिसळलं की ही क्षारता निम्मी होते. सायट्रिक आम्लानं पाण्याचा सामू उतरवता येतो, १० लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास लागेल: आधी २ ग्रॅम टाकून मोजा, मग थोडं थोडं वाढवत ६ वर आणा. पण मातीतले जिवाणू सायट्रेट खातात आणि त्यातून बायकार्बोनेट, म्हणजे तीच क्षारता, परत तयार होतं, म्हणून हा तात्पुरता आधार समजा. व्हिनेगरचंही तेच.

हिरवीशीर:
झाडाला लगेच लोह द्यायचं तर चिलेट (लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) कोणतं ते पाकिटावर वाचून घ्या. ईडीटीए साधारण ६.५ पर्यंतच लोह धरून ठेवतं, ८.२ ला सोडून देतं. तुम्हाला ईडीडीएचए लागेल, गडद लाल रंगाचं, ६ टक्के लोहाचं. २ ग्रॅम २ लिटर पाण्यात कालवून ओल्या मातीत संध्याकाळी ओता, वर पाणी देऊन मुळांपर्यंत जाऊ द्या. उन्हानं ते फुटतं, म्हणून पानांवर फवारू नका. गरज वाटली तर ५-६ आठवड्यांनी पुन्हा. हिराकस मातीत टाकू नका, या सामूला ते लगेच गंजासारखं बसून जातं.

पुढच्या पालवीची पानं लहानही निघाली तर जस्ताची फवारणी: १ लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विरलेला चुना, गाळून. हा चुना द्रावणाचं आम्लपण मारायला असतो, म्हणजे पानं भाजत नाहीत. मातीत जाऊ नये म्हणून कुंडीवर प्लास्टिक पसरा.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट वापरा, लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी २ लिटर. मुळांभोवतीचा सामू त्यानं थोडा उतरतो.

निचरा:
कुंडी बदलणं टळणार नाही, पण झाड पालवीत असताना नको. पालवी पिकून पानं गडद झाली की झाड कुंडीतून काढा, बाहेरची एक तृतीयांश माती हातानं सोडवा आणि नवीन मिश्रणात बागेची माती घालू नका. धुतलेलं कोकोपीट, जाड सालीचे तुकडे आणि परलाइट चालेल. गांडूळखत पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि तेही मोजून घ्या, कारण काही गांडूळखतं स्वतःच ७.५ च्या वर असतात. नवं मिश्रण ६ ते ६.५ ला हवं.

कुंडीकाठ:
आधीच पिवळी झालेली पानं परत हिरवी होतील का?

हिरवीशीर:
कोवळी थोडीफार होतील, पिकलेली फारशी नाहीत. ती तोडू नका, अजून काम करतात. चिलेट दिल्यावर येणाऱ्या पहिल्या पालवीकडे लक्ष ठेवा आणि तेव्हाच माती पुन्हा मोजा.