अपस्ट्रीमने म्हटलं की डिस्ट्रोने मुकाट मान डोलवायची?

सातपूरचा_स्पिंडल: अपस्ट्रीम म्हणजे मूळ प्रोग्राम लिहिणारे, डिस्ट्रो म्हणजे ते जमवून तयार लिनक्स देणारे, डेबियनसारखे. काल इथे एकाने लिहिलं, "डेबियनने स्वतःचं डोकं चालवू नये, अपस्ट्रीमकडून येईल ते जसंच्या तसं द्यावं." वाचून डोकं फिरलं. सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) २५८ ने रन-लॉक फोल्डरमध्ये लिहिणं रूटपुरतं, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्यापुरतं केलं. सिरीयल पोर्टची लॉक फाइल ('पोर्ट वापरात आहे' अशी पाटी) जुन्या प्रोग्रामांनी ठेवायची कुठे? एफएचएसमध्ये, म्हणजे कुठली फाइल कुठे ते सांगणाऱ्या मानकात, जागा ठरलेली आहे. २०२५ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने बजावलं, सगळ्यांना तिथे लिहायची सवलत चालू ठेवा. बेस्ट केलं!

आमच्या जुन्या व्हीएमसीला (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) प्रोग्राम आरएस-२३२ नेच, म्हणजे सिरीयल पोर्टनेच जातो. एकदा पोराने त्याच पोर्टवर लॉक न बघणारं टर्मिनल उघडलं. मशीनने पाठवलेला 'थांब' त्या टर्मिनलनेच गिळला. लॅपटॉप आपला ओततोय. बफर ओव्हरफ्लो, टूल जॉबमध्येच उभा.

गंगापूर_रोडवासी: भाऊ, फ्लॉक (कर्नेलनेच सांभाळलेलं लॉक) कशाला आहे? प्रोग्राम मेला की लॉक आपोआप सुटतं. तुमची फाइल मागे राहते, मग सकाळी आरएम मारून ती पुसत बसा. एफएचएस ३.० तर २०१५ चं!

आणि डिस्ट्रोचं डोकं म्हणाल तर २००८ आठवा. डेबियनने ओपनएसएसएलच्या (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवणारी लायब्ररी) दोन ओळी २००६ ला बंद केल्या, आणि एका लांबीच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्या बनत राहिल्या. मी नोकरीत नवा. रात्रभर क्लायंटांना झोपेतून उठवून किल्ल्या बदलल्या, वर शिव्या खाल्ल्या.

कर्नेल_काका: ओळी काढण्याआधी ओपनएसएसएलवाल्यांना विचारलं होतं, तेही सांगा की.

गंगापूर_रोडवासी: डीबगिंगपुरतं, म्हणजे चुका शोधण्यापुरतं विचारलं होतं, काका! बरं, २०२४ चं एक्सझेड? फाइल दाबणाऱ्या त्या लायब्ररीत चोरदरवाजा निघाला. ओपनएसएसएचला (दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणारा प्रोग्राम) सिस्टमडीची लायब्ररी लागतच नाही. काही डिस्ट्रोंनी पॅच मारून जोडली, तिच्यामागून एक्सझेड आलं, चोर तिथूनच शिरला.

सातपूरचा_स्पिंडल: आणि चोर आला कुठून? एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमधून (सोर्सचं गाठोडं), म्हणजे तुमच्या अपस्ट्रीमकडूनच! जसंच्या तसं घेतलं म्हणून तर घरात आला.

इंदिरानगर_बोगदा: ते राहू द्या. उबंटू (आणखी एक डिस्ट्रो) २२.०४ ने फायरफॉक्स स्नॅपमध्ये, म्हणजे त्यांच्या बंद डब्यासारख्या पॅकेजमध्ये कोंबला, कुणाला विचारून? माझ्या चार जीबीच्या लॅपटॉपवर उघडेपर्यंत चहा होतो.

कर्नेल_काका: स्नॅप फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलालाच हवा होता. म्हणजे अपस्ट्रीमचंच ऐकलं की हो.

इंदिरानगर_बोगदा: मग दोघेही चुकले.

गंगापूर_रोडवासी: बरं बाबा, सिरीयलपुरतं मान्य. तुमच्या व्हीएमसीला शंभर वर्षं आयुष्य लाभो. पण प्रोग्राम सुधारायचं सोडून फोल्डर किती वर्षं उघडं ठेवणार?

सातपूरचा_स्पिंडल: प्रोग्रामचा सोर्स कोड द्या, आजच सुधारतो. बनवणारी कंपनी कधीच बुडाली, माझ्याकडे फक्त सीडी आहे. तीही चरे पडलेली.