'नो वरीज'ला एस्पेरांतोत काय म्हणायचं?

कडक_भाकरी:
मंडळी एक डाऊट आहे, सोलापुरात विचारायला कोण नाही म्हणून इथं टाकतोय. ब्राझीलच्या एका मित्राशी मी एस्पेरांतोत (ती मुद्दाम बनवलेली आंतरराष्ट्रीय भाषा) लिहितो, तो दरवेळी लेट रिप्लाय देतो आणि सॉरी सॉरी करतो, त्याला 'नो वरीज' म्हणायचं होतं तर मी डिक्शनरी बघून 'नेनियुय झोर्गोय' लिहिलं, तो म्हणे म्हणजे काय?? नेमकं काय लिहायचं?

हिरवा_तारा:
शब्दाला शब्द लावलास रे 😄 'ने ग्रावास' लिही. 'ग्रावास' म्हणजे महत्त्वाचं आहे, 'ने' म्हणजे नाही, झालं आपलं 'काही हरकत नाही'. 'ने झोर्गू' पण आहे, पण ते खरंच टेन्शनमध्ये असलेल्याला, शेवटचा 'उ' आज्ञार्थाचा, काळजी करू नको असं.

पूर्वभाग_वाला:
आपल्याकडं बघ की, आमच्या घरी तेलुगूत 'परवालेदु', शेजारचे कन्नडवाले 'परवागिल्ल', आणि चौकात आलं की 'चालतंय की बे'. कोण बसतंय ट्रान्सलेट करत, त्या जागी जे बोलतात ते उचलायचं. 1887 ला एस्पेरांतो बनवणाऱ्या झामेनहोफनं तिचं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा 'नो वरीज' कुठं होतं.

हिरवा_तारा:
करेक्ट. आणि हो, इंग्रजीत थँक्यूवर पण 'नो वरीज' म्हणतात, तिथं 'ने ग्रावास' नको, 'नेदान्किंदे' म्हण. 'इंद' म्हणजे लायक, म्हणून आभार मानण्यासारखं काही नाही.

कडक_भाकरी:
पाठवलं 'ने ग्रावास'. आता रिप्लाय पुढच्या महिन्यात येईल बहुतेक.