उजव्या कप्प्याबरोबर पायांच्या शिराही पाहाव्यात

इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा उजवा खालचा कप्पा डाव्याहून मोठा दिसला की फुप्फुसात गुठळी आहे असे धरून चालावे, हे या चर्चेत आधी मांडले गेलेले मत रक्तदाब कोसळलेल्या आणि सीटी स्कॅनसाठी हलवता न येणाऱ्या रुग्णाबाबत मला बऱ्याच अंशी मान्य आहे. युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही तसाच आहे. परंतु व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा उजवा कप्पा एआरडीएसमुळे (फुप्फुसांच्या तीव्र सूजेमुळे), पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटरने फुप्फुसात राखलेला दाब जास्त ठेवल्याने किंवा जुन्या सीओपीडीमुळेही (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन आजारामुळेही) फुगतो. त्याची भिंत ५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्यावरचा ताण जुना, म्हणजे ताज्या गुठळीमुळे नसून आधीपासूनचा असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून हे माप घेतल्याशिवाय निष्कर्षाची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

जिथून गुठळी सुटून फुप्फुसात पोहोचू शकते त्या पायांच्या शिरांचा उल्लेख मात्र चर्चेत कोठेच आला नाही. जांघेत आणि गुडघ्यामागे सोनोग्राफीचा प्रोब आडवा धरून दाबला की निरोगी शीर पूर्ण मिटते, शेजारची धमनी मात्र गोल राहून धडधडत असते. शीर मिटली नाही, तर आत गुठळी आहे असे समजावे. फुप्फुसातील गुठळीचा संशय आधीच असेल, तर रक्तस्रावाचा धोका तपासून हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) सुरू करण्यास एवढा पुरावा पुरेसा ठरतो. जांघेतल्या शिरेत कॅथेटर (नळी) घातलेले असेल, तर ती बाजू अधिक बारकाईने पाहावी. मात्र दोन्ही पायांच्या शिरा व्यवस्थित मिटल्या म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण गुठळी सुटून आधीच फुप्फुसात पोहोचलेली असू शकते. अशा वेळी रुग्ण स्थिरावताच सीटी करणे आवश्यकच आहे.