अर्ध्या माठानं केलेलं काम

भाऊ, तुमचा बॉल पायथन (पाळला जाणारा आफ्रिकेतला छोटा अजगर) दीड महिन्यापासून उंदराकडे पाहतही नाही म्हणता. आधी थंडी बघा. आपल्याकडे नागपुरात पौषात रात्री पारा १० च्या खाली जातो, आणि अंग गार पडलेल्या सापाला गिळलेलं पचत नाही. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २५-२६ ठेवा. थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारं यंत्र) हीटर नको, पोट भाजतं.

आमच्या मादीला खरी उणीव होती लपायच्या जागेची. फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घातला, दोन्हीकडून अंगाला टेकेल एवढाच. आठवडाभर हात लावला नाही. मग गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, गरम पाण्यात ऊबदार करून, दिवेलागणीनंतर चिमट्यानं माठाच्या तोंडाशी धरला. जीभ दोनदा लवलवली, मान मागे ओढली गेली, आणि झडप! जीव भांड्यात पडला बाप्पा.

जिवंत उंदीर रात्रभर आत सोडू नका, तो सापालाच कुरतडतो. तोंडात कोंबणं तर नकोच. मोठा साप काही महिने उपाशी तग धरतो, पण वजन दर आठवड्याला करा. दहावा हिस्सा घटला तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.

आणि वरच्या प्रतिक्रियांत कुणी शेतातली धामण पाळायला सुचवलंय, ते करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.