वडिलांशी राजकारणावरून वाद घालावा की सोडून द्यावा?

डोंबिवलीकर

बाबा ७६ वर्षांचे. लालबागच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली, पुढच्या वर्षी मी जन्मलो. नंतरची सगळी वर्षं वॉचमनकी. घरात शिवसेना म्हणजे देव्हाऱ्यातला देवच. २०२२ च्या जूनपर्यंत आमच्यात राजकारणावरून वाद कधीच नव्हता, कारण दोघं एकाच बाजूला होतो. मग पक्ष फुटला. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला तेव्हा बाबा म्हणाले, "मी खुणेला मत देतो. खूण तिकडे तर मी तिकडे." मी मशालीकडे.

२० मे २०२४ ला कल्याण लोकसभेचं मतदान होतं. त्याच्या आदल्याच रविवारी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुम्हाला काही कळत नाही." ते ताटावरून उठले. पुढ्यात आमटी-भात तसाच. मतदानाला मीच स्कूटरवरून घेऊन गेलो, जाता-येता एक शब्द नाही. तेव्हापासून रविवारी आम्ही हवापाणी आणि गुडघेदुखी या दोनच विषयांवर बोलतो. आईला हे बरं वाटतं, मला नाही. विषय काढू की राहू दे?

पेठेतला

राहू द्या. ताटावरून माणूस उठला, आणखी काय व्हायचं बाकी आहे? आमच्याकडे नियम आहे: जेवताना राजकारण नाही, बातम्या आठ वाजता बंद. माझ्या आणि वडिलांच्या मतात जमीनअस्मानाचा फरक आहे, पण क्रिकेट आणि नाट्यसंगीत यांवर आमचं छान चालतं. तुमच्या एका मताने सरकार पडणार नाही, त्यांच्याही नाही. वडील मात्र एकच.

उलटतपासणी

पेठेतला, हा नियम वडिलांनी केला की तुम्ही? मला तर हे वय झालं म्हणून हिशेबातून काढून टाकणंच वाटतं. म्हाताऱ्याला खीर द्या, स्वेटर द्या, मत काय ते विचारू नका!

आमचे आजोबा कट्टर काँग्रेसवाले, खादी आणि टोपीसकट. वडील समाजवादी. आणीबाणीत वडील आत गेले तेव्हा आजी रडत होती आणि आजोबा म्हणत होते, बाईंनी केलं ते बरोबरच केलं. पण भेटीच्या दिवशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन तुरुंगाच्या दारात तेच उभे. आणि भेटीत काय बोलले? वीसकलमी कार्यक्रम! शिपाई हसायला लागला म्हणे. १९७७ ला काँग्रेस हरली त्या रात्री आजोबा जेवले नाहीत, वडिलांनी पेढे आणले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू. आजोबा जाईपर्यंत भांडले. पटलं कधीच नाही, पण एकमेकांच्या डोक्यात काय चाललंय हे दोघांना पक्कं ठाऊक होतं.

पेठेतला

गोष्ट छान आहे. पण तुमच्या आजोबांना दिवसाला चाळीस फॉरवर्ड येत नव्हते. वडील स्वतःचं मत मांडत असतील तर मीही बोलेन. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरतात, त्याच्याशी काय बोलायचं?

सासरी साताऱ्यात

तुम्ही सगळे मुलगे किंवा लेकी आहात, म्हणून "वाद घालू की नको" हा प्रश्न तुम्हाला पडतो. मी सून आहे. माहेर जालन्याकडचं, ओबीसी. सासर मराठा. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि आमच्या घरात दिवसभर टीव्ही सुरू राहिला. सासरे वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात रात्री दोनला गाडी त्यांनीच काढली. पण कुणबी दाखल्यांचा विषय निघाला की "तुमचे लोक" असा शब्द येतो, आणि मी पोळ्या लाटत असते. माझा भाऊ तेव्हा भरतीची तयारी करत होता. त्यांचं ते मत, माझ्या भावाची ती जागा. गप्प बसले तर कबूल केल्यासारखं, बोलले तर "माहेरचं शिकवणं". नवरा म्हणतो, अप्पांचं वय झालं, सोड. पेठेतला, तुमचा तो जेवतानाचा नियम आमच्याकडे कुणी करायचा?

पेठेतला

सासरी साताऱ्यात, हे माझ्या डोक्यात नव्हतं. तुमच्या घरी बोलायचं काम नवऱ्याचं आहे. बाकी मी माझ्या म्हणण्यावर ठाम.

निवृत्त मास्तर

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे बाप. वय ७१. माझी मुलगी मला "हे खोटं आहे" अशा लिंका पाठवते. बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं, हेही सांगतो. पण आयुष्यभर मी लाल शाईने वह्या तपासल्या, आता माझीच वही रोज तपासली जाते. राग मतभेदाचा नाही, त्या लाल शाईचा येतो.

मी पहिलं मत १९७७ ला दिलं. तेव्हा वयाची अट २१ होती. त्यानंतर माझी बाजू तीनदा बदलली. मुलीला यातली शेवटचीच ठाऊक आहे, त्यामुळे तिला वाटतं मी जन्मतःच असा. एकदाही कुणी वादात हरवलं म्हणून बदललो नाही. एकदा शाळेचं अनुदान रखडलं म्हणून, एकदा एक आमदार मध्यरात्री दवाखान्यात आले म्हणून, आणि एकदा निव्वळ चिडून.

उलटतपासणी

मास्तर, पण फॉरवर्डमध्ये एखाद्या अख्ख्या जमातीबद्दल विष असेल तरी मुलीने लाल शाई वापरायची नाही?

निवृत्त मास्तर

वापरावी. तिथे मी चुकलो होतो, आणि तिने गटात सगळ्यांसमोर न लिहिता फोन करून सांगितलं. दोन दिवस फुगून बसलो, मग काढून टाकलं.

डोंबिवलीकर

मास्तरांचं वाचून काल रविवारी विषय काढलाच. पण सुरुवात चुकली. मी म्हटलं, "बाबा, खूण खूण काय करता? १९८५ ला माझगावातून भुजबळ शिवसेनेचे म्हणून निवडून आले ते मशालीवरच!" बाबा शांतपणे म्हणाले, "आणि १९९१ ला मशालवाला गेला कुठे? काँग्रेसमध्ये."

आई हसली. मग मी विचारलं, संपानंतर वॉचमनकी कुणी लावून दिली? माहीत असायला हवं होतं, नव्हतं. शाखाप्रमुखांनी. आठ महिने घरात पगार नव्हता, मी पाळण्यात, आणि हा माणूस स्वतः सोबत जाऊन मॅनेजरसमोर उभा राहिला होता. ते आता शिंदे गटात आहेत, ऐंशीच्या पुढचे, दर दसऱ्याला सोनं द्यायला बाबांकडे येतात. खूण वगैरे मला सांगायला होतं.

माझं मत बदललेलं नाही. उपकाराची फेड मतपेटीतून करू नये असंच मला वाटतं आणि ते मी बोललोही. बाबा म्हणाले, "तुझी फी कुठून भरली ते विचार आधी." आवाज चढले. शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

पण ताटावरून कुणी उठलं नाही. बाबांनी भात दोनदा घेतला.